‘कायमचे’ म्हणजे किती दिवस?

आमच्या चाळीतल्या एक ताई भिशी उचलून मुलीच्या हनुवटीवरचे केस लेसरने काढणार होत्या. पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार. पार्लरच्या पाटीवर ‘कायमचे’ असे लिहिलेले. आम्ही म्हणालो, ताई, पैसे भरण्यापूर्वी हा शब्द तपासा.

केसातला काळा रंग लेसरचा प्रकाश शोषून घेतो आणि त्या उष्णतेने केसाचे मूळ दुबळे होते. पण हा परिणाम वाढीला लागलेल्या केसांवरच होतो. म्हणून चेहऱ्यासाठी महिना-दीड महिन्याच्या अंतराने साधारण ६ ते ८ वेळा जावे लागते. एका महिन्यात काम होत नाही. नंतर केस विरळ व बारीक होतात. हा फरक काहींना महिने, काहींना वर्षे टिकतो. मग अधूनमधून पुन्हा खर्च आहेच. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासनही याला केस ‘कायमचे कमी करणे’ म्हणते, ‘कायमचे काढणे’ नव्हे. पांढऱ्या केसांवर तर लेसर चालतच नाही.

हनुवटीवर राठ केस आणि पाळी अनियमित असेल, तर कारण हार्मोनचे असू शकते. त्यावर उपचार झाले नाहीत तर केस पुन्हा येतात. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करावी. सावळ्या कातडीला चुकीच्या यंत्राने चटके बसतात, डाग पडतात. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे.

ताईंनी भिशी तूर्त थांबवली आणि मुलीला दवाखान्यात नेले. भगिनींनो, केस काढायचे की नाही, हे मुलीला ठरवू द्या. पाहुण्यांसाठी मात्र कर्ज काढू नका.