विश्लेषण : मोटरहोमला मोठे टायर लावले की ती जास्त वजन पेलते का?

करोनाच्या काळात विमानं आणि हॉटेलं बंद झाली, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक कुटुंबांनी चाकांवरचं घर विकत घेतलं. २०२१ या एका वर्षात तिथल्या कारखान्यांतून ६ लाखांहून अधिक आरव्ही बाहेर पडल्या. तो विक्रमच होता. त्यातल्या बहुतेक दुसऱ्या गाडीमागे ओढून न्यायच्या, तर स्वतःच्या इंजिनावर धावणाऱ्या, म्हणजे खऱ्या अर्थाने मोटरहोम, ५० हजारांहून थोड्या जास्त. या गाड्या आता टायर बदलायच्या वयात आल्या आहेत. दुकानात गेलेल्या मालकाच्या मनात एक प्रश्न हमखास येतो : नवीन घ्यायचेच आहेत, तर एक साइज मोठे का घेऊ नयेत?

काही गाड्यांच्या बाबतीत ते शहाणपणाचं असतंही. पण बहुतेक जण ज्या कारणासाठी मोठे टायर घेतात, ते कारणच चुकीचं असतं.

नक्षी तर नवीकोरी दिसते, मग बदलायचे कशाला?

ट्रकचा टायर झिजून संपतो, मोटरहोमचा टायर म्हातारा होऊन. ही गाडी वर्षातून काही आठवडे फिरते आणि उरलेला काळ अंगणात उन्हात उभी असते, तीही पूर्ण वजनासकट. फ्रीज, शेगडी, पलंग, पाण्याच्या टाक्या काही ती उतरवून ठेवत नाही. रबर वाळतं, आतल्या थरांची पकड सुटू लागते. बाहेरून मात्र खाचा खोल दिसतात, म्हणून मालक निश्चिंत. मिशेलिनसारख्या कंपन्या ५ वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यायला आणि १० वर्षांनी तो कसाही दिसत असला तरी काढून टाकायला सांगतात.

मोठ्या टायरचा मोह कुठून येतो?

आकड्यांतून, आणि तो मोह अगदीच खोटा नाही. फोर्डच्या ई-४५० या सांगाड्यावर बांधलेली मोटरहोम घेऊ. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, भाड्याने सर्वांत जास्त दिसणारी गाडी ती हीच. मागे दोन्ही बाजूंना डबल टायर, म्हणजे एकूण चार. टायरचं माप एलटी २२५/७५ आर १६. डबलमध्ये असा एक टायर ८० पीएसआय हवेवर जास्तीत जास्त १,१२० किलो पेलतो. चारांचे झाले ४,४८० किलो. मागच्या ॲक्सलची क्षमता सुमारे ४,३०० किलो. उरले दीडशे-पावणेदोनशे किलो.

आता हिशेब करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरलेली टाकी, दोन सायकली, मागच्या कप्प्यात जनरेटर, सहलीचं सामान. एवढ्यात गाडी मर्यादेच्या पलीकडे जाते. टायरमधली हवा थोडी कमी असेल तर त्याची पेलण्याची ताकदही त्याच प्रमाणात घटलेली असते. म्हणून मालकाची नजर एलटी २४५/७५ आर १६ वर जाते. तो डबलमध्ये साधारण १,२६० किलो पेलतो, चारांचे ५,००० किलोहून अधिक. कागदावर गाडीला सात-आठशे किलोंचा श्वास मिळाला.

पण श्वास मिळाला तो टायरला. ॲक्सल, बेअरिंग, स्प्रिंग आणि ब्रेक आधीचेच आहेत. दरवाजाजवळच्या पट्टीवर छापलेली गाडीची कमाल क्षमता टायर बदलून एका किलोनेही वाढत नाही. दोन माणसांच्या खाटेला जाड पाय लावले म्हणून तिच्यावर चौघांनी झोपायचं नसतं. क्षमतेच्या आतच राहणाऱ्या गाडीला थोडा जास्त ताकदीचा टायर लावणं चांगलं. जास्त सामान भरता यावं म्हणून तो लावणं हे वेगळं, आणि धोकादायक.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण रिमची. या गाड्यांवर सहसा ६ इंच रुंदीची रिम असते. २४५ च्या टायरला साधारण साडेसहा इंचांपासून पुढची रिम लागते. अरुंद रिमवर तो बसतो, फिरतो, दुकानदार तक्रार न करता चढवूनही देतो. मात्र त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि ज्या भाराचं आश्वासन छापलेलं असतं, ते तिथे लागू राहत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आणि डोळ्यांआड. डबल टायरमध्ये दोघांच्या मधे फट असते. २२५ वरून २४५ वर गेलं की प्रत्येक टायर २० मिलिमीटर रुंद होतो, म्हणजे मधली फट तेवढीच कमी होते. टायर रस्त्याला टेकतो तिथे वजनाखाली बाहेर फुगतो. फट पुरेशी नसेल तर दोन्ही टायर चालत्या गाडीत एकमेकांना घासतात. शिवाय दोघांच्या मधून वाहणारी हवाच त्यांना थंड ठेवते, तीही कोंडते. टायरचा खरा शत्रू उष्णता. वजन जास्त किंवा हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकण्यातून तापतो, आणि तापलेल्या रबरातले थर सुटतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सहा टनांच्या घराचा पुढचा टायर फुटला, तर ड्रायव्हरच्या हातात फार काही राहत नाही.

बाकीचे परिणाम त्यामानाने किरकोळ. व्यास ७४४ मिलिमीटरवरून ७७४ वर जातो, म्हणजे ४ टक्के वाढ. स्पीडोमीटर १०० दाखवत असेल तेव्हा गाडी १०४ ने धावत असते. घाटात इंजिन थोडं मरगळतं. वळताना टायर मडगार्डला लागतो का, तेही पाहावं लागतं. आणि स्टेपनी जुन्या मापाची राहिली, तर ती डबलमध्ये लावायला निरुपयोगी. दोन वेगळ्या उंचीचे टायर शेजारी-शेजारी लावले की उंच टायर सगळं ओझं अंगावर घेतो.

चुकीच्या टायरची किंमत किती?

अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. गुडइयर कंपनीचा जी-१५९ हा टायर, माप २७५/७० आर २२.५, हे त्याचं उदाहरण. १९९६ ते २००३ या काळात बनलेला हा टायर बसइतक्या मोठ्या मोटरहोमवर लावला गेला. एका कुटुंबाची मोटरहोम रस्ता सोडून उलटली, तेव्हा त्यांनी खटला भरला. महामार्गाच्या वेगाने मोटरहोमवर धावताना निर्माण होणारी उष्णता सोसण्यासाठी हा टायर बनलेलाच नव्हता, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण तडजोडीने मिटलं. नंतर उघड झालं की, तापमानाच्या चाचण्यांचे महत्त्वाचे निकाल कंपनीने त्यांना दिलेच नव्हते. न्यायालयाने २७ लाख डॉलर वकील-खर्चापोटी भरायला लावले. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम पुन्हा ठरवायला सांगितली : लपवाछपवीमुळे जेवढा खर्च झाला, तेवढाच वसूल करता येईल.

त्याच वर्षाच्या अखेरीस तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने चौकशी सुरू केली. या टायरशी संबंधित अपघातांत १९९८ ते २०१५ या काळात ८ मृत्यू आणि ६९ जखमी, अशी नोंद प्रशासनाने मांडली. जून २०२२ मध्ये कंपनीने १ लाख ७३ हजारांहून अधिक टायर परत मागवले. टायरमध्ये दोष नाही, जास्त वजन किंवा कमी हवा असेल तरच धोका आहे, असं तिने तेव्हाही सांगितलं. शेवटचा टायर बनून तोवर जवळपास १९ वर्षं झाली होती! इतक्या उशिरा परत मागवून त्यातले किती हाती लागणार, हे वेगळं सांगायला नको. आधीच्या अनेक खटल्यांची कागदपत्रं तडजोडीच्या गुप्ततेत बंद राहिल्यामुळेच हा विलंब वाढला.

मग करायचं काय?

दुकानात जाण्याआधी वजनकाट्यावर जा. टाक्या भरलेल्या, माणसं बसलेली, सामान लादलेलं अशा अवस्थेत प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं घ्या. आकडा क्षमतेपेक्षा जास्त आला तर उपाय एकच, सामान उतरवणं. आत आला आणि तरीही माप वाढवायचंच असेल, तर रिमची रुंदी आणि डबलमधलं अंतर टायर कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा. दरवाजावरच्या पट्टीवरचा हवेचा दाब मूळ मापासाठी असतो, नव्या टायरला तो जसाच्या तसा लागू करू नका. हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा अमेरिकेत २००७ पासून नव्या गाड्यांना सक्तीची आहे, पण फक्त ४,५३६ किलोपर्यंतच्या. ज्या मोठ्या मोटरहोमना तिची सर्वांत जास्त गरज, त्या नियमाबाहेर. वाल्व्हवर बसवायचे सेन्सर मालकाने स्वतः घ्यायचे.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे लावलं. व्यावसायिक वाहनाच्या नोंदणी अर्जात तर प्रत्येक ॲक्सलवरच्या टायरचं माप लिहिलेलं असतं. त्यामुळे दुकानदार ‘चालतंय’ म्हणाला तरी आधी आरटीओत विचारलेलं बरं.

अमेरिकेत भाड्याची मोटरहोम घेऊन यलोस्टोनला निघणाऱ्यांना माप बदलायचं नसतं, पण टायरचं वय मात्र पाहता येतं. टायरच्या कडेवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. हा पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असू शकतो. डबल टायरमध्ये ती बाजू आत गेली असेल, तर मोबाइलचा टॉर्च लावून फटीतून फोटो काढावा लागतो.