मोरोपंतांची जपमाळ

गवयाने पहाटे उठून तीन तास पलटे घोटले, तर आपण त्यास साधना म्हणतो. कवीने रोज ठरावीक वेळी बसून ठरावीक ओळी लिहिल्या, तर मात्र त्यास कारागीर ठरवून मोकळे होतो, आणि तेही किंचित नाक मुरडून. गाणे गळ्यात बसावे लागते हे आपणांस मान्य आहे. भाषा हातात बसावी लागते हे नाही. कविता ‘होते’, अशी आपली समजूत. या समजुतीचा सर्वांत मोठा बळी कोण, असे विचारल्यास आम्ही मोरोपंतांचे नाव घेऊ.

मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पुराण सांगत आणि लिहीत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त (१८७४–८१) त्यांच्या कवितेवर प्रदीर्घ लिहिले, तरी आज वर्गात त्यांची वासलात ‘पंडिती कसरत’ या दोन शब्दांत लागते. पुरावा म्हणून दाखवली जातात त्यांची रामायणे. एकच कथा, आणि परंपरेने सांगितलेली संख्या १०८. परंतुरामायण, दामरामायण, निरोष्ठरामायण ही नावे ऐकूनच विद्यार्थी हसतात. आम्हीही हसलो होतो.

पण निरोष्ठरामायणाचा नियम जरा लक्षपूर्वक पाहावा. ओठ मिटल्यावाचून उच्चारता न येणारी अक्षरे, म्हणजे प, फ, ब, भ, म, वर्ज्य. अर्थात ‘राम’ हा शब्दच वर्ज्य. लक्ष्मण, भरत, बिभीषण, हनुमान हे सारे दाराबाहेर. ज्याला आयुष्यभर रामकथाच सांगायची आहे, त्याने स्वतःवर रामाचे नाव न घेण्याची अट घालून घ्यावी! मग ‘दाशरथि’, ‘जानकीनाथ’ अशा आडवाटा शोधणे आले. वाक्य जेथे सहज वळले असते तेथून ते उचलून दुसरीकडे वळवणे आले. सवयीचा शब्द हाताशी येताच त्याला नकार देणे, हाच तर भाषेचा रियाज. गवई एका स्वरावाचून राग बांधू पाहतो तेव्हा आपण मान डोलावतो. येथे मात्र आपण ‘कृत्रिमता’ म्हणतो.

‘केकावली’ ही मोरोपंतांची उत्तरायुष्यातली रचना. ती आर्येत नाही, पृथ्वी वृत्तात आहे: सतरा अक्षरांची लांब ओळ, गणांनी जखडलेली. कसरतीचा कंटाळा असलेले समीक्षकही येथे मोरोपंतांचे हृदय बोलले असे म्हणतात. आम्हांस हा निवाडा मान्य आहे. त्यामागचा तर्क मान्य नाही. हृदय जणू कसरत बाजूस ठेवल्यामुळे मोकळे झाले, असे त्यात गृहीत असते. आमच्या मते घडले ते उलट. इतक्या अवघड ओळीत देवाशी भांडता, रुसता, लाडीगोडी लावता येते, याचे कारण वृत्त सांभाळण्याचे काम तोवर हाताने डोक्याकडून काढून घेतले होते.

हे सिद्ध करता येणार नाही, हे आम्ही जाणतो. मोरोपंतांना आपली रामायणे सराव वाटत होती, असेही आमचे म्हणणे नाही. किंबहुना ती त्यांना तशी वाटत नसावीत, यातच मर्म असावे. एकशे आठ हा आकडा जपमाळेच्या मण्यांचा. मणी ओढणारा ‘कालच्यापेक्षा आज जप सुधारला का’ असे विचारत नाही. आपल्याकडे नव्या वर्षी वही घेऊन ‘रोज एक पान’ लिहू लागणारे बहुतेकजण मकरसंक्रांतीपर्यंत थांबतात, ते आळसामुळे नव्हे. रोज संध्याकाळी ते स्वतःचे गुणपत्रक तपासतात म्हणून. प्रगती रोज दिसत नसते. नित्यकर्माला ती दिसावी लागत नाही.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. गवई पलटे मैफलीत गात नाही. मोरोपंतांचे पलटे ग्रंथरूपाने आपल्यासमोर आले. ते सारेच रसिकाने वाचावेत असा आग्रह कोणी धरू नये. सराव करावा आणि मिटून ठेवावा. रोज लिहिलेले रोज लोकांपुढे मांडण्याच्या आजच्या काळात हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा कठीण झाला आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही रोज एक गीती लिहिण्याचा नेम धरला. मोरोपंतांची आर्या बहुतांशी गीतीच असते: बारा आणि अठरा मात्रा, पुन्हा बारा आणि अठरा. पहिला पंधरवडा बोटे मोजण्यात गेला. पुढे केव्हातरी बोटे थांबली. चुकलेली मात्रा कानाला खुपू लागली, भाजी निवडताना दाताखाली खडा यावा तशी नव्हे, जेवताना यावा तशी. गीती सुमार होत्या, त्या दाखवणार नाही. पण ‘केकावली’ पुन्हा उघडली तेव्हा, जेथे पूर्वी केवळ अर्थ लागत असे, तेथे एखादा शब्द तिथेच का बसवला हे दिसू लागले. साहित्याच्या विद्यार्थ्याला तीन वर्षांत एकही गीती लिहावी लागत नाही, याचे आम्हांस तेव्हापासून वाईट वाटते. तिला गुण देऊ नयेत, एवढीच अट.

शेवटच्या आठवड्यात धीर करून निरोष्ठ नियम घेतला. केवळ प-वर्गापुरता, स्वरांची सूट ठेवून. चौथ्याच गीतीत अडलो. ‘मी’ म्हणता येईना. ‘आम्ही’, ‘आपण’, ‘तुम्ही’ हेही बाद. ‘तू’ तेवढा चालत होता.