भूमीने जपले, माणसाने हरवले

मेडशीचा शेतकरी ज्या काळ्या मातीत नांगर धरतो, ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या खडकाची झीज होऊन तयार झाली. तो लाव्हारस पसरण्याच्या सुमारास जबलपूरच्या परिसरात ‘इंडोसुकस’ हा मांसभक्षक भीमसरट वावरत होता. कवटीच्या काही तुकड्यांवरून ह्यूने व मॅटली यांनी १९३३ मध्ये त्याचे नामकरण केले. त्या संग्रहातील कित्येक अस्थी मात्र पुढे हरवल्या. भूमीने कोट्यवधी वर्षे जपलेला ठेवा माणसाला शतकभरही सांभाळता येऊ नये, ही नामुष्की होय. विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे भीमसरटांचे जीवाश्म सापडले आहेत. त्यांची नोंद व राखण हे केवळ शासनाचे काम नव्हे. शाळाशाळांतून ही जाण रुजली, तरच नांगराला लागलेला दगड बांधावर भिरकावण्यापूर्वी कोणी तरी निरखून पाहील.