पहिलं सिझर झालं म्हणून दुसरंही सिझरच? निर्णय कळा सुरू झाल्यावर नको, सातव्या महिन्यात घ्या

पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. ग्रामीण भागात हा रिवाज अजून बऱ्यापैकी टिकून आहे. पहिल्या वेळी सिझर झालेलं असलं की त्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड माहेरच्या कपाटात नाहीतर पत्र्याच्या पेटीत पडून राहतं. दुसऱ्या वेळी सासरकडचा डॉक्टर पोटावरचा व्रण बघतो आणि सांगतो, आधी सिझर आहे, आता पण सिझरच करावं लागेल. घरचेही मान डोलावतात. वैजापूर असो, कन्नड असो की पैठण, हे वाक्य आता म्हणीसारखं झालंय.

ही म्हण शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१६ साली न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रॅगिन यांनी ती मांडली. त्या काळी गर्भपिशवीवर वरच्या भागात उभा छेद घेत आणि तो पुढच्या कळांमध्ये फाटण्याची भीती मोठी होती. नंतर १९२० च्या दशकात स्कॉटलंडचे डॉ. मन्रो केर यांनी पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ केली. आज बहुतेक सिझर याच पद्धतीने होतात. छेद बदलला, म्हण तीच राहिली.

आडवा छेद असलेल्या आणि बाकी सगळं ठीक असलेल्या १०० बायकांनी पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न केला, तर त्यातल्या साधारण ६० ते ८० जणींची नॉर्मल डिलिव्हरी होते. आधी एखादं बाळंतपण नॉर्मल झालेलं असेल तर हा आकडा ८५ ते ९० पर्यंत जातो. इंग्लंड-अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटना हेच आकडे सांगतात.

आता दुसरी बाजू. अशा २०० बायकांमध्ये साधारण एकीची पिशवी जुन्या टाक्यांवर फाटते. ऐकायला एक म्हणजे काहीच नाही. पण ज्या घरात ते होतं, तिथे आई आणि बाळ दोघांचाही जीव मिनिटांवर येतो. ताबडतोब ऑपरेशन झालं तर बहुतेकदा दोघं वाचतात. म्हणून अशी डिलिव्हरी कुठे करायची हा प्रश्न ती करायची की नाही याच्याइतकाच मोठा आहे. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त या तीन गोष्टी रात्री दोन वाजताही हाताशी असतील, तिथेच हा प्रयत्न करायचा. उपकेंद्रात किंवा घरी अजिबात नाही.

आपल्या जिल्ह्यात गाडं इथेच अडतं. घाटीत हे सगळं आहे, पण घाटीवर जालना, बीड, परभणीपासूनचा भार आहे. तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ चोवीस तास असेलच असं धरून चालता येत नाही. सोयगाव तर अजिंठ्याच्या डोंगराखाली, तिथल्या लोकांना शहरापेक्षा जळगाव जवळ. पावसाळ्यात घाटात गाडी अडकली तर १०८ तरी काय करणार?

तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या दवाखान्यात डॉक्टर नॉर्मलला नाही म्हणतो, तेव्हा तो पैशासाठीच म्हणतो असंही नाही. एकटा डॉक्टर, भूल देणारा शहरातून बोलवायचा, रक्त दुसऱ्या गावाहून आणायचं. अशा ठिकाणी त्याचं नाही म्हणणं प्रामाणिकपणाचं असू शकतं. फक्त त्याने तसं तोंडाने सांगावं. "माझ्याकडे सोय नाही, तुम्ही घाटीत दाखवा" आणि "सिझरशिवाय पर्यायच नाही" या दोन वाक्यांत फार फरक आहे.

पैशाचा भाग नाहीच असं मात्र कुणी म्हणू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात सरकारी दवाखान्यांतली १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, खासगीत ४७.४ टक्के. महाराष्ट्राचा एकूण आकडा २५.४ टक्के, त्याआधीच्या सर्वेक्षणात तो २०.१ होता. सिझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता-बालमृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं. अवघड केस खासगीत जास्त जातात, असंही म्हणतात. तरी तिपटीपेक्षा जास्त फरक त्याने भरून निघत नाही. शिवाय मुहूर्त काढून सिझर करायला सांगणारे नातेवाईकही आहेतच, सगळा दोष डॉक्टरांच्या माथी कसा मारणार?

दुसरं सिझर म्हणजे सुरक्षित रस्ता, असं घरचे समजतात. एका बाळंतपणापुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण प्रत्येक ऑपरेशनने आतले अवयव चिकटत जातात आणि पुढच्या वेळी वार खाली सरकून जुन्या टाक्यांत रुतण्याचा धोका वाढतो. वार खाली आहे आणि आधी एक सिझर झालंय, अशा १०० बायकांत साधारण ११ जणींची वार रुतलेली निघते. आधी दोन सिझर असतील तर ४० जणींची. मग रक्त थांबत नाही आणि कधी कधी पिशवीच काढावी लागते. मुलगा हवा म्हणून तिसऱ्या-चौथ्या खेपेला सुनेला भरीस पाडणाऱ्या घरांनी हा आकडा जरूर वाचावा.

काही बायकांनी नॉर्मलचा हट्ट धरूच नये. आधीचा छेद उभा असेल, पिशवी पूर्वी फाटली असेल, वार खाली असेल किंवा बाळ आडवं असेल तर सिझरच बरं. आधीच्या सिझरला दीड वर्षही झालेलं नसेल तर जोखीम वाढते. आणि कातडीवरचा व्रण आडवा दिसला म्हणून आतला छेदही आडवाच असतो असं नाही. ते फक्त कागदावर कळतं. म्हणून माहेरच्या पेटीतलं ते कार्ड आजच शोधा, मोबाईलवर फोटो काढा आणि नवऱ्याच्या व आशाताईंच्या फोनवरही पाठवून ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना तर याची गरज सगळ्यात जास्त, कारण बाळंतपण कोणत्या कारखान्याच्या तळावर असताना येईल याचा नेम नसतो.

आणखी एक. कळा वाढवायची सुई किंवा गोळी गावातल्या कुणाकडून घेऊ नका. पिशवीवर जुने टाके असताना ती जिवावर बेतू शकते. मोठ्या रुग्णालयातही ती फार जपून देतात. दोन कळांच्या मध्येही टाक्यांच्या जागी दुखत राहिलं, अंगावरून रक्त गेलं किंवा चालू कळा एकदम थांबल्या, तर वाट बघत बसू नये.

निर्णय सातव्या महिन्यात घ्यावा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते. त्या दिवशी कार्ड घेऊन जावं आणि सरळ विचारावं, मला नॉर्मलचा प्रयत्न करता येईल का, आणि तो कुठे? सरकारी रुग्णालयात नॉर्मल असो वा सिझर, औषधं, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. तारीख जवळ आली की लांबच्या गावातल्या बाईने शहरातल्या नातेवाईकांकडे आठ-दहा दिवस आधी राहायला गेलेलं बरं. नॉर्मल झाली तरी ४८ तास रुग्णालयातच राहायचं. जनावरांना चारा घालायचाय म्हणून सहा तासांत बाळंतिणीला घरी आणणारे आहेत. बाळंतपणानंतरचा जीवघेणा रक्तस्राव बहुतेकदा पहिल्या २४ तासांतच होतो.

प्रशासनाला यात एक बिनखर्चाचं काम करता येईल. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या दारात रोज एक फळा लावावा. आज रात्री सर्जन आहे का, भूलतज्ज्ञ आहे का, रक्त आहे का. एवढं लिहिलेलं असलं तर आशाताईला फोनवरच कळेल की गाडी तालुक्याला वळवायची की थेट घाटीकडे.