जगाची ओळख आणि शेजारचे बाक

आपल्या शहरांतून हल्ली जिकडे पाहावे तिकडे ‘इंटरनॅशनल’ ही पाटी मिरविणाऱ्या शाळा दिसतात. पाटी मोठी असते, शुल्क त्याहून मोठे असते. आणि वर्षातून एकदा निरनिराळ्या देशांचे ध्वज व पोशाख यांचा सोहळा झाला की मुलांना जग कळले, असे चालक व पालक दोघेही मानतात. जगात वावरण्याची पात्रता म्हणजे काय, आणि ती मुलांच्या अंगी कोणी व कशी बाणवावयाची, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

या पात्रतेचे मोजमाप करण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१८ साली केला. पंधरा वर्षांच्या मुलांसाठी ही संघटना ‘पिसा’ नावाची जी परीक्षा घेते, तीत त्या वर्षी ‘जागतिक क्षमता’ हा विषय प्रथमच आला. त्याची चार अंगे सांगितली गेली : स्थानिक व जागतिक प्रश्नांची चिकित्सा करणे, दुसऱ्याची दृष्टी समजून घेणे, भिन्न संस्कृतीच्या माणसांशी मोकळेपणाने संवाद साधणे आणि सर्वांच्या हितासाठी कृती करणे. या यादीत परदेशप्रवास नाही, इंग्रजी उच्चारांची सफाई नाही. आरंभच मुळी स्थानिक प्रश्नापासून आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ही चार अंगे मुलांत वाढवावयाची तर काय लागते, याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. भारत व पाकिस्तान, इस्रायल व पॅलेस्टाईन अशा परस्परांकडे संशयाने पाहणाऱ्या देशांतील तरुण मुलांना एकमेकांशी बोलते करणारा उपक्रम त्यांनी चालविला होता. दहा लक्ष डॉलर्सच्या त्या पारितोषिकातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. या औदार्याचे कौतुक पुष्कळ झाले. त्यातला बोध मात्र तितकासा घेतला गेला नाही. शिक्षकाचे खरे भांडवल म्हणजे त्याच्या कल्पना, आणि त्या वाटल्याने वाढतात, हाच तो बोध होय. आमच्याकडे केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात. त्या परिपत्रकांच्या वाचनात संपू नयेत. एका शिक्षकाने गावच्या आटत्या विहिरीवरून दुष्काळाचा व हवामानाचा धडा कसा शिकविला, हे दुसऱ्या दहा जणांनी तेथे ऐकावे, त्यावर वाद घालावा, आणि आपल्या वर्गात ते करून पाहावे. याला पैसा फारसा लागत नाही. शिक्षकाला वेळ आणि विश्वास द्यावा लागतो.

परंतु सारा भार शिक्षकावर टाकून आपण शहरवासी मोकळे होऊ शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गात दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवावयास सांगितले. अल्पसंख्याकांच्या शाळा तेवढ्या यातून वगळल्या गेल्या. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या बंधनातून सूट देण्याचा नियम राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द ठरविला. न्यायालयाचे काम झाले. पण तो नियम झाला तेव्हा सुशिक्षित वस्त्यांतून काही ठिकाणी सुटकेचा निःश्वास ऐकू आला असेल, तर तो कोणता संस्कार दाखवितो, याचा विचार आपणच करावयास हवा.

आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा मुलगा शेजारच्या बाकावर बसला तर ज्याला अवघडल्यासारखे होते, तो उद्या टोकियोत वा टोरोंटोत परक्या माणसाची दृष्टी समजून घेईल, ही आशा व्यर्थ होय. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले ते प्रांताप्रांतांच्या माणसांनी एकमेकांना ओळखावे म्हणून. त्या ओळखीची पहिली पायरी वर्गातलेच बाक आहे. ती चुकवून जगाच्या अंगणात पोचविणारी शाळा, कितीही शुल्क भरले तरी, कोठेही मिळावयाची नाही.