ताण द्यावा, हिसका नव्हे

क्रीडास्पर्धांचे दिवस आले की मैदानावर एक दृश्य हमखास दिसते. एक विद्यार्थी पायाची बोटे धरावयास वाकलेला असतो आणि दुसरा त्याच्या पाठीवर भार देऊन त्यास खाली दाबीत असतो. ही चढाओढ बंद व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्नायू एकाएकी ताणला गेला की स्वसंरक्षणार्थ तो आपोआप आखडतो. त्याच वेळी हिसके दिल्यास लवचिकता येणे दूरच, मांडीमागचा स्नायू दुखावण्याचा मात्र संभव असतो.

खो-खो वा शर्यतीपूर्वी शरीर हालते ठेवूनच ताणावे. मंद धावणे, पाय पुढेमागे झुलविणे, लांब पावले टाकीत गुडघा वाकविणे, एवढे पुरे. आमच्या तालमीतला दंड याच जातीचा. पण त्यास ताणाचा व्यायाम म्हणतो कोण? एका स्थितीत मिनिटाहून अधिक काळ धरलेला ताण स्नायूचा जोर काही वेळ किंचित कमी करतो, असे प्रयोगांत आढळले आहे. मग शर्यतीच्या तोंडावर तो कशासाठी? त्याची जागा खेळ संपल्यावर, अंग तापलेले असताना. 20 ते 30 सेकंद, श्वास न कोंडता, दुखण्याच्या अलीकडे थांबून. असे काही आठवडे नित्य केले तरच फरक पडतो.

परंतु आमच्या शाळांत खेळाचा तास घंटेबरोबर तुटतो व मुले घामाघूम तशीच वर्गाकडे धावतात. तासाची शेवटची 5 मिनिटे यासाठी राखून ठेवावीत, ही शिक्षकवर्गास विनंती. खेळ तेवढा कमी झाला, अशी कुरकूर होईल. ती आम्ही ऐकून घेऊ.