आधी शिक्का, मग चिठ्ठी

नाशिकच्या जुन्या पेढ्यांवर एक शिस्त सर्वांच्या परिचयाची आहे. मालकाची सही झाल्याखेरीज मुनीमजी गोदामातील माल हलवू देत नाहीत. आपल्या रक्तातील रोगप्रतिकारक पेशीही अशीच शिस्त पाळतात.

या पेशींत ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाचे प्रथिन असते. १९८६ साली अमेरिकेत रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते शोधले. रोगजंतूंशी लढणारी अनेक जनुके तेच जागी करते. एरवी मात्र ‘आय-कप्पा-बी’ हे दुसरे प्रथिन पहारेकऱ्याप्रमाणे त्याला पेशीकेंद्राबाहेर रोखून धरते. जंतूंची वर्दी मिळताच एक विकर या पहारेकऱ्यावर दोन ठिकाणी फॉस्फेटचा शिक्का उमटवते. तो शिक्का दिसला, तरच दुसरे विकर त्याला युबिक्विटिन या चिमुकल्या प्रथिनाच्या साखळीची चिठ्ठी चिकटवते. चिठ्ठी लागलेल्या प्रथिनाचे प्रोटिअसोम नामक यंत्रणेत तुकडे होतात. पहारा उठतो आणि लढाईस आरंभ होतो.

शिक्क्याचा उलगडा करणारे फिशर व क्रेब्स यांना १९९२ साली, तर चिठ्ठीचा शोध लावणारे सिकॅनोव्हर, हर्श्को व रोझ यांना २००४ साली नोबेल पारितोषिक लाभले.

एवढा खटाटोप कशासाठी? शिक्का पुसता येतो. तुकडे झालेले प्रथिन मात्र पुन्हा सांधता येत नाही. म्हणून न परतणाऱ्या पावलाआधी परतता येण्याजोगे पाऊल. शिवाय एनएफ-कप्पा-बी कामाला लागताच नवा पहारेकरी घडवण्याचीही आज्ञा देते. ही आवर सुटली, तर लढाई शरीरावरच उलटते व दाह चिघळत राहतो.

हे ज्ञान आज रुग्णशय्येपाशी पोहोचले आहे. मायलोमा हा प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. त्यावरील बॉर्टेझोमिब हे औषध प्रोटिअसोमच बंद पाडते. चिठ्ठी लागलेली प्रथिने पेशीत साचतात, पहारा उठत नाही आणि रोगट पेशी मरतात. पण निरोगी प्रतिकारक पेशींचे बळही त्यामुळे घटते व अंगात दडलेली नागीण उफाळू शकते. यास्तव डॉक्टर सोबत विषाणूरोधक गोळ्या देतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत.

आणखी एक सूचना. आजाऱ्यास भेटावयास जाताना आपण प्रेमाने ग्रीन टी किंवा ‘शक्तीच्या’ गोळ्या नेतो. ग्रीन टीतील एक घटक बॉर्टेझोमिबला चिकटून ते निष्प्रभ करतो, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. जीवनसत्त्व ‘क’च्या मोठ्या मात्रेबाबतही तसेच. म्हणून उपचारकाळात या वस्तू टाळण्यास सांगतात. घरात असे औषध चालू असेल, तर काढा, चूर्ण, गोळी, जे काही देणार ते आधी डॉक्टरांना दाखवावे. पेढीवर सहीवाचून माल हलत नाही. रुग्णाच्या बाबतीतही तोच नियम असावा.